बाहेर येण्यासाठी आत गेलेली गेर्गिना

गेर्गिनाचं छप्पर एकदम पडलं नाही, हप्त्याहप्त्यानं पडलं. आधी दोन कौलं सरकली. त्या भोकातून पाणी यायला लागलं, पाण्यानं वासा कुजला, आणि एका सकाळी ती जागी होऊन बघते तर उशीशेजारी चिमणीच्या घरट्यासकट पाटीभर माती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा स्पेनमध्ये ट्रक चालवतो. तिनं माती झाडली, चिमणीला चार शब्द सुनावले आणि पलंग भिंतीकडे सरकवला. पुढच्या पावसाला आणखी सरकवला. असं करत करत पलंग चुलीला जाऊन टेकला तेव्हा ती म्हणाली, आता पुढे सरकायचं तर चुलीत.

हे घर तिनं आणि नायदेननं स्वतः बांधलं होतं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघांनी ओढ्याकाठी विटा पाडल्या, आणि त्या विटांवर अजून कुठे कुठे नायदेनच्या बोटांचे ठसे आहेत. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. येणारे-जाणारे संपले, तेव्हा शेळीला दाखवायला लागली.

सुहाविर गावात गवंडी उरलेला नाही. गवंडी, सुतार, न्हावी, सगळे ज्याला जिकडे वाट दिसली तिकडे गेले. उरली तीसेक माणसं, आणि टेकाडावर जुन्या शाळेत सरकारी वृद्धाश्रम. त्यात चाळीस म्हातारे. म्हणजे गावापेक्षा वृद्धाश्रमच मोठा. गावात ज्याच्या पायात अजून जोर आहे तो तिथेच कामाला जातो, कोणी स्वयंपाकाला, कोणी धुण्याला, कोणी फाटकावर. तर छपरासाठी गेर्गिनानं बस धरली आणि ती तालुक्याच्या गावी नगरपालिकेत गेली. तिथे समाजकल्याण खात्यात मिग्लेना बसते. चाळिशीची, सतत दमलेली, मनानं चांगली बाई. चांगल्या माणसांना अशाच खुर्च्यांवर बसवतात, म्हणजे लोकांना त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

"पोरी, छप्पर पडतंय," गेर्गिना म्हणाली.

"मावशी, पैसे आहेत."

नगरपालिकेत हे वाक्य गेर्गिनानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"युरोपातून आलेत," मिग्लेना म्हणाली. "छप्पर मिळेल, घरातल्या घरात न्हाणीघर मिळेल, दारापाशी पाय घसरू नये म्हणून उतार, दिवसातून दोनदा मदतीला बाई. सगळं."

"मग दे."

"तुम्हाला नाही देता येत. हे पैसे वृद्धाश्रमातून बाहेर येणाऱ्यांसाठी आहेत. योजनेचं नावच आहे ‘संस्थेकडून समाजाकडे’. माणसाला संस्थेतून काढायचं आणि समाजात आणून ठेवायचं. तुम्ही तर समाजातच आहात, मावशी. तुम्हाला बाहेर कुठून काढणार?"

"समाजात आहे, पण भिजतेय ना."

"भिजताय हे खरं आहे," मिग्लेना म्हणाली. "पण संस्थेतून येऊन भिजत असतात, तर मी आजच सही केली असती."

संध्याकाळी कुंपणापलीकडच्या मेतोदीनं हे सगळं ऐकून घेतलं. मेतोदी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, विधुर. द्राक्षाचा मांडव कोणाच्या बाजूला झुकतो यावरून दोघांचं चाळीस वर्षं भांडण चाललेलं आणि त्याच मांडवाखाली चाळीस वर्षं राकियाची दारू पिणं चाललेलं. त्यानं पेला खाली ठेवला.

"मग सोपं आहे. आत जा आणि बाहेर ये."

"अक्कल गहाण टाकलीस का? तिथून आजवर कोण बाहेर आलंय? येतो तो आडवाच येतो."

"त्यांना यायचं नव्हतं. तुला यायचंय."

"काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझ्याच घरात यायला मी आधी माझ्या घरातून जाऊ?"

"छप्पर आहे का तुझ्या घराला?" मेतोदी म्हणाला.

मिग्लेनालाही ही कल्पना बेकायदा वाटली नाही. तिनं नियम चार वेळा वाचले आणि म्हणाली, सलग तीन महिने आत काढायचे, एकही रात्र बाहेर झोपायचं नाही. आणि घर दहा वर्षांसाठी नगरपालिकेला वापरायला द्यायचं, कारण युरोपचे खिळे खासगी छपरात ठोकता येत नाहीत. मालकी तुमचीच राहील, मावशी, नुसता वापर आमचा. गेर्गिनानं सही केली. मुलानं स्पेनमधून फोनवर विचारलं, "आई, तिथे हिवाळ्यात ऊब असते ना?" ती म्हणाली, असते. "मग राहा की तिथेच," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती निघाली. मेतोदीनं रिवाजाप्रमाणे तिच्यासमोर उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, काम पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून.

"शेळी मी बघतो," तो म्हणाला. "आणि मेलीस तर बिडाचा तवा माझा."

"तुझ्या टाळक्यात घालायला ठेवलाय तो," गेर्गिना म्हणाली आणि टेकाडाकडे चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरली असती, हे तिला ठाऊक होतं.

वृद्धाश्रमाच्या संचालकांना, वल्चानोव साहेबांना, तिला बघून इतका आनंद झाला की ते स्वतः दारापर्यंत आले. त्यांच्यावर वरून हुकूम होता, यंदा चार माणसं समाजात पाठवून दाखवा. आणि पाठवायचं कोणाला? निम्म्यांना उठता येत नव्हतं, उरलेल्यांना उठायचं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, साहेब, आमचं काय चुकलं? आणि आता ही बाई स्वतःच्या पायांनी बाहेर जाण्यासाठी आत आली होती.

"आजी, तुम्ही आमच्या योजनेचा कणा आहात," ते म्हणाले.

"माझा पलंग कुठला ते सांगा," गेर्गिना म्हणाली.

पलंग मिळाला तो जुन्या चौथीच्या वर्गात. याच वर्गात ती लहानपणी एकदा गणितात नापास झाली होती. फळा काढून टाकला होता, खिळे तेवढे राहिले होते. खिडकीतून खाली तिचं घर दिसायचं, आणि दिसायचं ते नेमकं छपराचं भोक. तिनं पिशवी उघडली नाही. अंगातला कोटही काढला नाही. पाव्हणी आहे मी, उतरले आहे फक्त, असं नर्सला सांगून टाकलं.

शेजारच्या पलंगावर कुना होती. कुना सत्तरीची असेल, नक्की तिलाही माहीत नाही. तान्ही असताना कोणीतरी तिला अनाथालयाच्या पायरीवर ठेवलं. तिथून दुसऱ्या आश्रमात, तिथून तिसऱ्या, जिथे जिथे इमारत पडायला आली तिथून पुढच्या इमारतीत. शेवटी सुहाविर. बुद्धीनं कमी नव्हती. तिला घर म्हणजे काय ते माहीत नव्हतं एवढंच, आणि विचारायला लाज वाटत नव्हती.

"तुझ्या घरात पलंग किती?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"दोन."

"मग बाकीचे कुठे झोपतात?"

"बाकीचे कोण? मी एकटीच."

कुनानं यावर बराच विचार केला. "आणि जेवणाची घंटा कोण वाजवतं?"

"कोणी नाही. भूक लागली की जेवायचं."

"आणि नाही लागली तर?"

"तर नाही जेवायचं."

"आणि रागवत नाहीत?" कुना म्हणाली. मग उशीला टेकून बसत म्हणाली, "सगळं सांग. दारापासून सांग."

गेर्गिनाला दुसरं काम नव्हतं. तिनं दारापासून सांगितलं. मांडव, चूल, विटांवरचे ठसे, घर उठण्याआधी नायदेननं त्याच मांडवाखाली तिला मागणी घातली तेव्हा त्याच्या मिशीला लागलेला ताकाचा थेंब. कुना ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, परत सांग. एखादी गोष्ट सुटली तर आठवण करून द्यायची.

नोव्हेंबर संपत आला होता. एक दिवस गेर्गिना खिडकीशी बसली असताना तिच्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला. ती ताडकन उठली. रात्री बाहेर झोपायला बंदी होती, दुपारी चालायला नव्हती. टेकाड उतरून ती घरात शिरली तर चुलीवर पातेलं, पाणी गळतंय तिथे मधोमध घमेलं, आणि घमेल्याभोवती टेबल मांडून गावातली दहा-बारा माणसं गव्हाच्या गोड घुगऱ्या खातायत. टेबलावर मेणबत्ती, मेणबत्तीशेजारी तिचा लग्नातला फोटो.

सगळ्यांनी सरकून तिला जागा करून दिली.

"हे काय चाललंय?"

"तुझ्या मरणाचा चाळिसावा दिवस," मेतोदी म्हणाला. आणि वाडगा तिच्यापुढे करत रिवाजाप्रमाणे म्हणाला, "देव तुला क्षमा करो."

"मी जिवंत आहे, गाढवा."

"ते दिसतंय. पण वृद्धाश्रमात गेलेला माणूस मेला हे आपल्याला कोण कळवतं? ते तालुक्याला कळवतात, तालुका नातेवाइकांना, नातेवाईक स्पेनमध्ये. म्हणून गावात आपण तिथे गेल्याच्या दिवसापासूनच चाळीस दिवस मोजतो. सगळ्यांचं असंच केलंय. गेल्या वर्षी ड्रायव्हर यांकोचं केलं. तूच अक्रोड फोडलेस."

हे खरं होतं. यांकोसाठी अक्रोड तिनंच फोडले होते, आणि तेव्हा यांको टेकाडावर ठणठणीत बसून पत्ते खेळत होता. अजूनही खेळतो.

"पण मी परत येणार आहे ना."

घमेल्यात पाणी टपकत होतं. मग मेतोदी खालच्या आवाजात म्हणाला, "येशील तर चांगलंच. पण मी एक्क्याऐंशीचा आहे, गेर्गिने. तू जाशील तेव्हा मी असेन नसेन. तुला घुगऱ्यांत अक्रोड जास्त लागतात हे दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? म्हटलं, हात चालतायत तोवर करून टाकू."

गेर्गिनाला रडू आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं तोंडात चमचा घातला. घास घेतला की गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणावीच लागते, नाहीतर अन्न लागत नाही. "देव मला क्षमा करो," ती म्हणाली, आणि मग, "साखर कमी आहे." तिनं दुसरा वाडगा घेतला. जाताना बघितलं तर बिडाचा तवा खिळ्यावर नव्हता. त्याबद्दल तिनं विचारलं नाही आणि मेतोदीनंही विषय काढला नाही.

तीन महिने संपले. आता काढा मला बाहेर, असं ती म्हणाली. पण नियमात नुसतं आत राहणं पुरत नव्हतं, बाहेर राहता येतं हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या गावाहून एक गोड मुलगी स्वतंत्र जीवनाचं प्रशिक्षण द्यायला यायची. चौथीच्या वर्गात ती बटाटा कसा सोलावा ते दाखवायची. गेर्गिनानं पहिल्याच तासाला तिच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण त्या गतीनं जेवण एप्रिलात झालं असतं. शेरा पडला, इतरांना शिकण्याची संधी देत नाही. दुसऱ्या तासाला खुर्च्यांच्या दोन रांगा मांडून रस्ता केला आणि डावी-उजवीकडे बघून ओलांडायला सांगितलं. सुहाविरमध्ये गाडी येते ती पावाची, मंगळवारी. "आज मंगळवार आहे का?" असं विचारून गेर्गिना सरळ खुर्च्यांमधून चालत गेली. तिच्यामागून कुना आली. ती डावीकडे बघून थांबली, उजवीकडे बघून थांबली, पुन्हा डावीकडे बघितलं, आणि पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुना पहिली आली. गेर्गिना त्या वर्गात दुसऱ्यांदा नापास झाली.

मग समाजाची संमती घ्यायची होती. येणाऱ्यांना समाज सामावून घेईल का, हे विचारल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. वल्चानोव साहेबांनी सभा बोलावली ती वृद्धाश्रमाच्याच जेवणघरात, कारण दिवसा समाज तिथेच कामावर असतो. एका बाजूला म्हातारे बसले, समोर समाज ॲप्रन घालून उभा राहिला.

"कोणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

स्वयंपाकीण म्हणाली, "साहेब, ही माणसं समाजात गेली आणि आम्ही इथे, तर तिकडे त्यांना भेटणार कोण?"

"तुम्ही. सुट्टीच्या दिवशी."

"आणि सगळीच गेली तर आम्ही स्वयंपाक कोणासाठी करायचा?"

"सगळी कशाला जातायत, बाई? चारच जायचीत. बाकी सगळं आहे तसंच राहणार," साहेब म्हणाले, आणि समाजानं संमती दिली.

वसंतात कामगार आले. खिडकीतून गेर्गिना बघत होती, आणि तिच्या शेजारी कुना. भोक बुजलं. लालभडक कौलं चढली, इतकी लाल की गावातली बाकीची छपरं आजारी दिसायला लागली. आत न्हाणीघर झालं, उंबरा काढून उतार केला, प्रत्येक दारावर पळत्या माणसाची हिरवी पाटी लागली, आग लागली तर कुठून पळायचं ते कळावं म्हणून. दोन खोल्यांच्या घरात अशा पाच पाट्या. आणि दर्शनी भिंतीवर, नायदेनच्या बोटांचे ठसे होते नेमकं त्या विटांवर, युरोपचे बारा तारे आणि पैसे कोणी दिले त्याचा फलक.

मे महिन्यात मिग्लेना स्वतः आली. ती गेर्गिनाच्या पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं हातातली पिशवी तीनदा इकडून तिकडे ठेवली.

"मावशी, समितीची बैठक झाली. घर चौघांसाठी मंजूर झालं. गरजेप्रमाणे गुण दिले, वरचे चौघे निवडले. तुम्ही पाचव्या आलात."

"कशात?"

"गरजेत. तुम्ही सातच महिने काढलेत, बाकीच्यांची वीस-वीस वर्षं आहेत. प्रशिक्षणात नापास. शिवाय तुमच्या नावावर घर आहे. स्वतःचं घर असलेल्या माणसाला घर देता येत नाही."

"कुठलं घर आहे माझ्या नावावर?"

"हेच."

"मग मी त्यात राहते."

"त्यात चार बेघर माणसं राहणार आहेत, मावशी."

"मग मी बेघर नाही का?"

"तुम्ही कशा बेघर?" मिग्लेना म्हणाली. "तुमचं घर आहे ना." आणि ती रडायला लागली. गेर्गिनालाच तिला रुमाल द्यावा लागला. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे वेगळे असतात, त्यांना कधी शेळीसमोर येऊन बसावं लागत नाही. मिग्लेनाला लागत होतं.

त्या संध्याकाळी गेर्गिना जेवली नाही. तिला अपमान वाटला, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या सहीचा राग आला. छप्पर गळत होतं तेव्हा घर तिचं होतं. आता गळत नव्हतं. मेतोदीला निरोप गेला तेव्हा तो टेकाड चढून आला, फाटकावर उभा राहिला आणि म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा. मी रात्री जाऊन ती ताऱ्यांची पाटी उखडतो." तिनं नको म्हटलं. पाटी उखडून काय होणार, म्हणाली, छप्पर तर त्यांचंच राहणार.

निवडलेल्या चौघांत पहिली कुना. गेर्गिना त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलली नाही. कुनाला ते कळत होतं. ती फक्त आपल्या उशीवर हात फिरवत बसायची.

जूनमध्ये उद्घाटन झालं. राजधानी सोफियाहून एक अधिकारी बाई आल्या, सोबत फोटोवाला. मांडवाखाली रिबन बांधली. वृद्धाश्रमाच्या बसमधून टाळ्या वाजवायला म्हातारे आणले, त्यांत गेर्गिना, जूनच्या उन्हातही कोट घालून. दारात नवे घरवाले उभे केले होते. चार असायला हवे होते, पण चौथा गृहस्थ मधल्या काळात वारला होता. पुढच्या बैठकीपर्यंत निवड बदलता येत नसल्यामुळे त्याची जागा रिकामी सोडून उरलेल्यांना अंतर ठेवून उभं केलं. कुना आणि दोन बहिरे भाऊ.

बाईंनी स्वागताच्या पाव-मिठाचा घास घेतला, रिबन कापली आणि कुनाचा हात हातात घेतला. "कसं वाटतंय तुम्हाला, आजी, आपल्या घरात?"

कुनानं मांडवाकडे बघितलं. "इथेच नायदेननं मला मागणी घातली," ती म्हणाली. "मिशीला ताक लागलं होतं. मला हसू आलं, त्याला वाटलं मी नाही म्हणतेय. मग तो दोन दिवस ओढ्याकडे फिरकलाच नाही."

बाईंचे डोळे भरून आले. फोटोवाल्यानं फोटो काढला. ‘दोन दिवस’ हे गेर्गिना कायम सांगायला विसरायची, आणि कुना आठवण करून द्यायची. टाळ्या वाजत होत्या. गेर्गिनाचे हात मांडीवरून हलले नाहीत. "घर घेतलं ते घेतलं," ती शेजारच्या मेतोदीला म्हणाली, "नवराही घेतला माझा."

जेवणाची वेळ झाली तशी दोघे भाऊ बसमध्ये जाऊन बसले. उतरा म्हणून हातवारे केले तर त्यांनी खिडकीतून वृद्धाश्रमाकडे बोट दाखवलं. आज गुरुवार, गुरुवारी पांढऱ्या घेवड्याचं सार असतं. ते गेले ते परत आले नाहीत. मदतीला नेमायच्या बाईचा करार अजून सहीला होता. सोफियाच्या बाई गेल्या, वल्चानोव साहेब त्यांना सोडायला गेले, आणि चौघांच्या घरात कुना एकटी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेर्गिना टेकाड उतरली. आदल्या रात्री तिनं काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. घराला हात लावलास, नवऱ्याला लावलास, आता लाज असेल तर ऊठ. वाटेत ती ते मोठ्यानं म्हणून बघत होती. पावाची गाडी नसल्यामुळे ऐकायला कोणी नव्हतं.

कुना दारासमोरच्या उतारावर उभी होती, पायात सपाता, दव पडून त्या ओल्या झालेल्या. तिचे ओठ निळे पडले होते.

"इथे काय करतेस?" गेर्गिनाच्या तोंडून निघालं. ठरवलं होतं त्यातलं हे नव्हतं.

"सकाळी मांडव बघायला बाहेर आले."

"मग? दार बंद झालं?"

"बंद नाही. लोटलंय नुसतं."

"मग आत जा की."

"कोणी ये म्हणत नाहीये," कुना म्हणाली. "मी दोन-तीनदा विचारलं. आत कोणीच नाही."

गेर्गिनानं दाराकडे बघितलं, कुनाच्या ओल्या सपातांकडे बघितलं.

"तुला कोण ये म्हणणार, कुने?" ती म्हणाली. "तुझं घर आहे ना."

हे वाक्य बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. आता ते परत घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटत नव्हतं.

"म्हणजे कोणाला विचारायचं नाही?"

"कोणाला नाही. दार ढकल आणि जा."

कुनानं तळहातानं दार ढकललं. ते उघडलं. ती आत गेली, वळली आणि तिनं दार लावून घेतलं.

गेर्गिना बाहेर राहिली. क्षणभर तिला वाटलं, संपलं, आता ही कधीच उघडणार नाही. मग आतून आवाज आला. खणखणीत, कुनाचा तसा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"कोण आहे?"

"कोण म्हणजे काय? मीच आहे."

"मी म्हणजे कोण?"

या दारातून ती नवी नवरी म्हणून गेली होती, दुधाच्या बादल्या घेऊन गेली होती, तापलेलं पोर घेऊन गेली होती. याच दारातून नायदेनला बाहेर नेलं तेव्हा तिनंच चौकट धरून ठेवली होती. या दारावर तिनं कधी थाप मारली नव्हती. तिनं बोटं मिटली आणि थाप मारली.

"मी गेर्गिना," ती म्हणाली. "येऊ का?"

आत कुना ठरवत असावी.

"ये," कुना म्हणाली. "पण चपला बाहेर काढ. फरशी नवी आहे."

गेर्गिनानं भिंतीला धरून एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि ती आत गेली.